पुढच्या सीटवरचे प्रतिस्पर्धी

मी जुनी आहे, पण थकलेली नाही. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे माझ्याकडे बघून उगाच कोणी हळहळायला नको. मी एक तपकिरी रंगाची, लांबलचक स्टेशन वॅगन, म्हणजे मागे सामानाला ऐसपैस जागा असलेली मोटारगाडी आहे. माझ्या दोन्ही अंगांना लाकडासारखा दिसणारा पट्टा आहे. तो लाकडाचा नाही, नुसता प्लास्टिकचा कागद चिकटवलेला आहे. तरीही आमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेतले लोक जाता-येता त्यावर हात फिरवून खात्री करून घेतात. मला त्याची गंमत वाटते.

माझा जन्म मिशिगनमधल्या एका कारखान्यात झाला. बाहेर बर्फ पडत होता आणि आत माणसं रांगेने उभी राहून मला घडवत होती. कोणी दारं बसवली, कोणी काचा लावल्या, कोणी माझ्या पोटात इंजिन ठेवलं. अगदी शेवटी एका बाईने माझा भोंगा वाजवून पाहिला आणि शेजारणीला म्हणाली, "हिचा आवाज ऐकलास? ही कोणाची दादागिरी खपवून घेणार नाही!" जन्मल्या दिवशी असं कौतुक झालं की ते आयुष्यभर पुरतं.

मला विकत घेतलं वॉल्टर नाकाशिमाने. त्याचे आजोबा जपानहून कॅलिफोर्नियाला आले होते आणि त्याच्या वडिलांची जर्दाळूची बाग होती. पहिली काही वर्षं उन्हाळ्यात मी त्या जर्दाळूंच्या पेट्या वाहिल्या. वडील माझ्या टपावर थाप मारून म्हणायचे, "वॉल्टर, गाडी नाही आणलीस, घोडा आणलास." पुढे वडील गेले आणि बागही गेली. आमच्या सॅन होजेच्या खोऱ्यात तेव्हा सगळीकडेच झाडं तुटत होती आणि तिथे काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. त्या इमारतींत संगणकाच्या चिपा बनायच्या.

वॉल्टर अशाच एका इमारतीत इंजिनियर होता. त्याच्या कंपनीचं नाव हॅल्बर्ड. मित्रांनो, संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. नखाएवढी ती चिप असते आणि सगळी आकडेमोड तीच करते. त्या काळी जगातल्या बहुतेक संगणकांत हॅल्बर्डचाच मेंदू असायचा. त्यामुळे हॅल्बर्डची माणसं रस्त्यावरून चालतानासुद्धा जरा छाती काढून चालत.

आमच्या शेजारच्या घरात कॉरिना बेत्तेनकूर राहायची, ती आणि तिची म्हातारी आई. मूळचे हे लोक पोर्तुगालच्या बेटांवरचे. कॉरिनाही प्रोसेसरच बनवायची, पण क्विल नावाच्या छोट्या कंपनीत. हॅल्बर्डच्या चिपसाठी संगणकात जी खाच असे, तिच्यातच बसेल अशी चिप क्विल बनवत असे. मग गिऱ्हाईक दुकानदाराला एवढंच विचारायचं, यातली जलद कोणती आणि स्वस्त कोणती? या एका प्रश्नावर दोन्ही कंपन्यांची झोप उडालेली असायची.

एका सकाळी कॉरिनाची गाडी सुरू होईना. ती बोनेट उघडून तिला शिव्या घालत होती. वॉल्टरने माझी काच खाली केली.

"कॉरिना, चल, सोडतो."

"हॅल्बर्डच्या गाडीतून क्विलच्या गेटवर उतरू? लोक काय म्हणतील!"

"गाडी हॅल्बर्डची नाही, माझी आहे. आणि तू बसलीस तर मला सोबतीच्या लेनमधून जाता येईल. माझा स्वार्थ आहे."

आमच्या महामार्गावर सर्वांत डावीकडची एक लेन अशी होती, की सकाळच्या वेळी तिच्यातून एकट्या माणसाला गाडी नेता येत नसे. शेजारी कोणी बसलेलं असलं तरच परवानगी. बाकीच्या लेनींत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असत आणि सोबतीच्या लेनमधून आम्ही भुर्रकन निघून जात असू.

"बसते," कॉरिना म्हणाली. "पण एक अट. गाडीत कामाचं अवाक्षर काढायचं नाही."

"मी काढणारच नव्हतो. मला नोकरी प्यारी आहे."

त्या एका सकाळची सहा वर्षं झाली. वॉल्टरने दुसऱ्याच दिवशी आपल्या वरिष्ठांना सगळं सांगून टाकलं होतं. त्यांनी खांदे उडवले. खोऱ्यात सगळेच एकमेकांचे शेजारी होते, कोणाकोणाला अडवणार?

ती दोघं काय बोलत नसत ते सांगितलं, आता काय बोलत ते सांगते. वॉल्टरचा दुखरा गुडघा. बेसबॉल. कॉरिनाच्या आईने केलेला गोड पाव, ज्याचा एक तुकडा दर सोमवारी वॉल्टरसाठी यायचा. टोमॅटोची मुळं कुरतडणारा उंदीर. वॉल्टर मुळात बोलका, आणि विषय संपले की तो गाणं म्हणायचा. गाणं फार वाईट म्हणायचा.

"वॉल्टर, तुझ्या गाण्याने इंजिनात बिघाड होईल," कॉरिना म्हणायची.

खरं सांगते, मला ते गाणं आवडायचं.

मग ते वर्ष उजाडलं. क्विलने नवी चिप तयार केली होती आणि ती हॅल्बर्डच्या चिपपेक्षा जलद आहे, अशी हवा खोऱ्यात पसरली होती. सॅन होजेत मोठं सभागृह घेऊन, पत्रकारांना बोलावून ती जगापुढे मांडायची तारीख ठरली. क्विलने होतं-नव्हतं ते सगळं या एका चिपवर लावलं होतं. ती चालली तर क्विल तरणार, नाही तर दारांना कुलूप लागणार आणि शेकडो माणसं रस्त्यावर येणार. कॉरिना यातलं काही बोलत नसे. पण ती आता घाईने गाडीत बसायची, उतरताना सीटचा पट्टा काढायला विसरायची आणि स्वतःवरच हसायची. चिपच्या मुख्य भागाची जबाबदारी तिच्यावर होती.

आणि वॉल्टरचं हॅल्बर्डमधलं काम काय होतं, ठाऊक आहे? प्रतिस्पर्ध्यांच्या चिपा आणायच्या आणि त्यांचा पुरता घाम काढायचा. जगापुढे येण्याआधीच क्विलच्या चिपचे काही नमुने संगणक बनवणाऱ्या कारखान्यांकडे गेले होते. अशाच एका कारखान्याने ती चिप बसवलेला एक संगणक हॅल्बर्डलाही तपासायला दिला. तो आला वॉल्टरच्या टेबलावर.

त्या संध्याकाळी मी हॅल्बर्डच्या पार्किंगमध्ये उभी होते. वॉल्टर आला, पण त्याच्याबरोबर टॉलिव्हरबाईही आल्या. मॅव्हिस टॉलिव्हर म्हणजे त्याच्या विभागाच्या प्रमुख. पांढरे आखूड केस, साखळीला अडकवलेला चष्मा, आणि चालणं असं की समोरची माणसं आपोआप बाजूला व्हायची. त्यांनी माझ्या खिडकीवर कोपर टेकलं.

"वॉल्टर, शाबास! काय नेमकं पकडलंस!"

"चिप तशी चांगली आहे, मॅव्हिस. फक्त खूप तापली आणि एकापाठोपाठ मोठे गुणाकार आले, की ती गोठते. हललीच नाही. संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा लागला."

"हेच हवं होतं. ते त्यांच्या सभागृहात टाळ्या वाजवत असतील तेव्हा आपण रस्त्यापलीकडच्या हॉटेलात पत्रकारांना बोलवू आणि त्यांची चिप सगळ्यांसमोर गोठवून दाखवू. तोपर्यंत तोंड बंद. घरीसुद्धा."

"आधी त्यांना कळवलं तर?"

"का? त्यांनी कधी आपल्याला कळवलंय?" बाई हसल्या. "तू दोष शोधलास, तुझं काम झालं. आता माझं काम मला करू दे."

त्या गेल्या. वॉल्टरने किल्ली लावली, काढली, पुन्हा लावली.

दुसऱ्या सकाळी त्याने मला कॉरिनाच्या दारात उभं केलं. ती यायला थोडा अवकाश होता. तो आरशात बघून पुटपुटला, "कॉरिना, ऐक, एक गोष्ट..." मग मान हलवली. "नाही. बावीस वर्षं पगार खाल्लाय. नाही सांगता येणार." मित्रांनो, मला बोलता येत नाही. पण त्या वेळी बोलता आलं असतं, तरी काय सल्ला दिला असता हे मला आजही ठरवता येत नाही.

कॉरिना आली, बसली, दार लावलं.

"उंदीर मेला!" ती म्हणाली. "म्हणजे मला वाटतं मेला. दोन दिवस दिसला नाही."

"हं," वॉल्टर म्हणाला.

संपूर्ण रस्ताभर एवढंच. गाणं नाही, गुडघा नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तिने पाव आणला, सोमवार नव्हता तरी आणला. त्याने तो मांडीवर ठेवला आणि खाल्लाच नाही. चौथ्या दिवशी तिने सरळ विचारलं.

"घरी सगळं ठीक आहे ना?"

"आहे."

"तुझी तब्येत?"

"उत्तम."

"माझ्यावर रागावलायस?"

"नाही गं. अजिबात नाही." हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

कॉरिना बाहेर बघत राहिली. शेजारच्या लेनींत गाड्या खोळंबल्या होत्या, आम्ही त्यांना मागे टाकत होतो. क्विलचं गेट आलं. ती उतरली, दोन पावलं गेली आणि मग एकदम पळत सुटली. सहा वर्षांत मी तिला पळताना पाहिलं नव्हतं.

त्यानंतर ती काही दिवस आलीच नाही. वॉल्टर रोज तिच्या दारात थांबायचा. म्हातारी आई ओट्यावर येऊन हात हलवायची, "अरे, ती तिकडेच झोपते! तू जा!" मग आम्ही एकटेच निघायचो आणि साध्या लेनमधून खुरडत जायचो. उशीर व्हायचा, पण वॉल्टरने त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आणि मग बातमी आली. क्विलने चिपचा समारंभ पुढे ढकलला होता. चिपमध्ये एक दोष सापडला असून तो दुरुस्त करूनच ती बाजारात आणू, असं त्यांनी स्वतःच जाहीर केलं होतं. हॅल्बर्डचं हॉटेल वाया गेलं. आपली गोष्ट आपण स्वतःच सांगून टाकली, की दुसऱ्याला सांगायला काय उरतं?

त्या संध्याकाळी टॉलिव्हरबाई पुन्हा माझ्या खिडकीशी आल्या. या वेळी हसू नव्हतं.

"वॉल्टर, तो दोष आपल्याकडे फक्त सहा जणांना माहीत होता. त्यातला एकच जण रोज सकाळी क्विलच्या इंजिनियरबरोबर प्रवास करतो."

"मी काही सांगितलं नाही, मॅव्हिस."

"वरच्या लोकांनी तुझं ओळखपत्र काढून घ्यायला सांगितलंय. मी म्हटलं, एक दिवस थांबा. उद्या सकाळी मी तुमच्या गाडीत बसणार. तिला आधी सांगायचं नाही."

दुसऱ्या सकाळी टॉलिव्हरबाई माझ्या मागच्या सीटवर बसल्या. कॉरिनाने दार उघडलं, त्यांना पाहिलं, आणि एक क्षण तिचा हात दारावरच राहिला. दमलेली दिसत होती, डोळे सुजलेले होते. पण ती बसली.

"गुड मॉर्निंग. मी मॅव्हिस टॉलिव्हर."

"ओळखते. तुमचा फोटो आमच्या भिंतीवर लावलाय. पोरं त्याच्यावर बाण मारतात."

"लागतात का?"

"क्वचित."

"चालू द्या," बाई म्हणाल्या. "रोज बोलता तेच बोला. मी नाहीच असं समजा."

वॉल्टरने आरसा उगाचच दोनदा नीट केला. शेवटी कॉरिनाच म्हणाली, "उंदीर परत आला, वॉल्टर. मेला नव्हता, सुट्टीवर गेला होता."

"सहा वर्षं तुम्ही उंदराबद्दल बोलता?" मागून प्रश्न आला.

"छे! उंदीर या वर्षीचा. त्याआधी वॉल्टरच्या गुडघ्याबद्दल बोलायचो."

आम्ही महामार्गावर चढलो, सोबतीच्या लेनमध्ये आलो. टॉलिव्हरबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला.

"कॉरिना, आडवळणाने विचारत नाही. दोष कसा कळला?"

"वॉल्टरमुळे."

मित्रांनो, वॉल्टरने असा काही ब्रेक दाबला, की मागच्या गाडीवाल्याने भोंगा वाजवला. मीही उलट वाजवला असता.

"कॉरिना!" तो ओरडला. "मी तुला एक शब्दही..."

"तेच तर सांगतेय. एक शब्दही नाही!" ती मागे वळली. "बाई, हा माणूस सहा वर्षं अखंड बोलतोय. गाणं म्हणतो, आणि कसलं म्हणतो ते देवालाच ठाऊक. आणि एकाएकी चार दिवस गप्प. घरचं दुखणं असतं तर त्याने सांगितलं असतं. त्याच्या स्वतःच्या कामाची कटकट असती तर त्याने उंदरावर राग काढला असता. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं. म्हणजे भानगड माझ्या कामात होती. काय होती, कुठे होती, मला काही ठाऊक नव्हतं. मी ऑफिसात गेले आणि सगळ्यांना म्हटलं, आजपासून आपण क्विलचे नाही. आपण हॅल्बर्डचे आणि ही चिप आपल्याला मारायची आहे. तापवा, छळा, काहीही करा. तिसऱ्या दिवशी मेली."

टॉलिव्हरबाईंनी चष्मा काढून साखळीवर सोडला.

"म्हणजे," टॉलिव्हरबाई सावकाश म्हणाल्या, "मी वरच्यांना काय सांगू? या माणसाला गप्प बसल्याबद्दल काढून टाका?"

"सांगा. पण मग त्याला आमच्याकडे घ्यायला मी मोकळी."

बाईंनी पुढे झुकून कॉरिनाच्या सीटवर हात ठेवला. "उलट करू. तू ये आमच्याकडे. पगार तू सांग. तीन दिवसांत स्वतःचीच चिप मारणारी माणसं माझ्याकडे फार नाहीत."

हॅल्बर्डचा पगार म्हणजे नवं घर, आईची चांगली सोय, दारांना कुलूप लागण्याची भीती कायमची संपली. दोन पूल मागे गेले.

"नको," ती म्हणाली. "आमची चिप चांगली का झाली? कारण तुम्ही तिच्यावर टपून बसला होतात. मी तुमच्याकडे आले, तर तुमच्या चिपवर टपून बसणार कोण?"

क्विलचं गेट आलं. कॉरिना उतरली. "वॉल्टर, उद्या नेहमीच्या वेळी," ती म्हणाली आणि ताठ मानेने आत गेली.

टॉलिव्हरबाई मागून उतरल्या आणि पुढे येऊन वॉल्टरच्या शेजारी बसल्या. पट्टा लावला.

"वॉल्टर, तुला गुपित फोडता येत नाही हे मला माहीत होतं. तुला ते लपवताही येत नाही हे आज कळलं."

"मग माझं ओळखपत्र..."

"खिशातच ठेव. आणि पुढच्या वेळी काही दडवायचं असेल तर बडबड करत राहा, गाणं म्हण, काहीही कर. आता गाडी हाण. त्यांची चिप येतेय, ती या वेळी गोठणार नाही. आपल्याला काम आहे."

आणि चिप आली! दुकानांपुढे रांगा लागल्या. क्विल तरली. हॅल्बर्डने आठवड्याच्या आत आपल्या चिपांची किंमत उतरवली. पुढच्याच वर्षी हॅल्बर्डने अशी चिप काढली, की क्विल पार मागे पडली. त्या सकाळी कॉरिना गाडीत बसली आणि तिने माझं दार धाडकन लावलं.

"अभिनंदन," ती म्हणाली. "दार आपटलं ते तुझ्या कंपनीसाठी. गाडीला सॉरी."

मग पुन्हा क्विल पुढे, पुन्हा हॅल्बर्ड. असं कितीतरी वर्षं चाललं. त्या चढाओढीत संगणक इतके स्वस्त झाले, की आमच्या गल्लीतल्या वाचनालयातसुद्धा चार आले, आणि कॉरिनाची आई तिथे बसून बेटावरच्या बहिणीला पत्रं धाडू लागली. या सगळ्यात माझाही वाटा आहे असं मी मानते. मोठेपणा म्हणा हवं तर.

पुढे वॉल्टर निवृत्त झाला, काही वर्षांनी कॉरिनाही. मी घराच्या बाजूला अंगावर खोळ घेऊन उभी राहिले. टायरमधली हवा गेली, कबुतरांनी टपावर ठाण मांडलं, लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्याचे पापुद्रे निघाले. रस्त्यावरून नव्या गाड्या जायच्या, इंजिनाचा आवाजही न करणाऱ्या. कोणाला माझी आठवण होत नव्हती, पण मी खचले नाही. आत इंजिन शाबूत आहे हे मला ठाऊक होतं.

एका शनिवारी कॉरिनाने खोळ ओढून काढली आणि वॉल्टरला हाक मारली, "अरे, हिची काय दशा करून ठेवलीयस!" तो काठी टेकत आला. त्याने हवा भरली, बॅटरी बदलली, तेल बदललं, आणि मी पहिल्या फटक्यात सुरू झाले. मग मला चकाकी आणायचं ठरलं, आणि तिथेच वाद पेटला. वॉल्टरकडे एका कंपनीचं पॉलिश होतं, कॉरिनाने दुसऱ्या कंपनीचं आणलं होतं.

"तुझं पॉलिश दोन दिवसांत उतरेल."

"तुझ्या पॉलिशने तर रंगच उतरेल! चल, बघूच."

त्यांनी माझ्या बोनेटच्या मधोमध चिकटपट्टी लावली. डावी बाजू त्याची, उजवी तिची. तेव्हापासून दर शनिवारी दोघं येतात, आपापल्या बाजूला कोपर दुखेपर्यंत घासतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवून विचारतात, "खरं सांगा, कुठली बाजू जास्त चमकते?"

मित्रांनो, तुमच्या घरी जुनी सायकल असेल, पंखा असेल, माझ्यासारखी एखादी गाडी असेल, तर तिला अंगणाच्या कोपऱ्यात विसरू नका. तिच्यावरून फडकं फिरवा. आणि शक्य असेल तर एकट्याने फिरवू नका. ज्याच्याशी तुमची चुरस आहे त्याला बोलवा, म्हणजे फडकं जास्त जोरात फिरतं.

राहिला प्रश्न कुठली बाजू जास्त चमकते याचा. मला विचाराल, तर मला उत्तर पक्कं ठाऊक आहे. पण ते मी सांगणार नाही. निकाल लागला तर पुढच्या शनिवारी येणार कोण?